सीमाभागात फॉस्टर पालक व्हायचंय? आधी आदेश, मग मूल

दुसऱ्याचं मूल घरात वाढवणं आपल्याकडे, कर्नाटकातल्या मराठी सीमाभागात, नवीन नाही. खानापूरकडची जोडपी गोव्याला कामाला जातात आणि पोरं आज्जीकडे राहतात. ऊसतोडीच्या हंगामात कुणाची मुलं मावशीकडे जेवतात. बहीण अकाली गेली तर मामा तिच्या लेकरांना घेऊन येतो आणि गावात त्याला कुणी कागद विचारत नाही. त्यामुळे फॉस्टर केअरचं नाव काढलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: “हे आम्ही करतोयच की, त्यात अर्ज कसला?”

अर्ज लागतो, कारण फॉस्टर केअरमधलं मूल तुमच्या नात्यातलं नसतं. ते जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीच्या जबाबदारीत असतं. समिती ते ठरावीक मुदतीसाठी तुमच्या घरी ठेवते, दर महिन्याला त्याची पाहणी करते आणि गरज पडली तर परत नेते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ४४ मध्ये हे सगळं लिहिलेलं आहे. मुलाला घर मिळावं, पण त्याच्या आईबापांचा, त्याच्या नावाचा आणि त्याच्या गावाचा धागा तुटू नये, एवढ्यासाठी ही व्यवस्था आहे. ज्यांना मूल कायमचं आपलं हवंय त्यांनी दत्तकाच्या रांगेत उभं राहावं. त्या रांगेला वेळ लागतो म्हणून फॉस्टर केअरच्या दारानं आत शिरायला जाऊ नये. मी हे जरा कडक शब्दांत लिहितोय, कारण चौकशीला येणाऱ्या बहुतेक जोडप्यांच्या मनात तेच असतं आणि ते मुलाच्या अंगाशी येतं.

आधी बघा, तुमचा रस्ता कोणता

तीन वेगळ्या गोष्टी लोक एकात एक मिसळतात.

दत्तक म्हणजे मूल कायद्यानं तुमचं. नाव तुमचं, वारसा तुमचा. त्याची नोंदणी केंद्राच्या ‘कारा’ संस्थेच्या पोर्टलवर होते आणि १ सप्टेंबर २०२२ पासून अंतिम आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी, म्हणजे आपले डीसी देतात.

दुसरी गोष्ट म्हणजे नात्यातलं मूल. भाऊ-भावजय गेली, त्यांची मुलगी तुमच्याकडे आहे, तर तुम्ही तिचे काका-काकू आहात. तुम्हाला फॉस्टर पालक होण्याची गरज नाही. तुम्हाला हवी असते ती स्पॉन्सरशिप. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत नातेवाइकांकडे राहणाऱ्या अनाथ मुलांना, तसंच विधवा किंवा टाकून दिलेल्या आईच्या मुलांना, किंवा ज्यांचे आईवडील जिवावरच्या आजारानं अंथरुणाला खिळलेत अशा मुलांना महिन्याला ४,००० रुपये मिळू शकतात. उत्पन्नाची अट आहे: ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि शहरात ९६,००० रुपयांच्या आत.

इथं सीमाभागाची एक खास गफलत होते. चंदगड-गडहिंग्लजच्या पाहुण्यांकडून कळतं की तिकडं ‘बालसंगोपन’चे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. मग निपाणीतला माणूस तोच फॉर्म कोल्हापूरहून आणून भरतो. ती योजना महाराष्ट्र सरकारची, महाराष्ट्रात राहणाऱ्या मुलांसाठी. तुमचं रेशन कार्ड कर्नाटकचं असेल तर तो फॉर्म बाजूला ठेवा आणि इथल्या जिल्हा बाल संरक्षण घटकाकडे, म्हणजे महिला व बालविकास खात्याच्या जिल्हा कचेरीकडे, स्पॉन्सरशिपचा अर्ज करा (पुढं ‘घटक’ म्हटलं की हीच कचेरी). दोन्हीकडून पैसे घ्यायचा उद्योग तर करूच नका. आधार क्रमांक दोन्हीकडं एकच असतो.

तिसरा रस्ता फॉस्टर केअरचा. पुढचा सगळा लेख त्याविषयीच.

आणि एक चौथा रस्ताही असतो, जो रस्ताच नाही. “अमक्या दवाखान्यात एका बाईला बाळ नको झालंय, तुम्ही गुपचूप घेऊन जा” असा निरोप येतो. निरोप आणणारा बहुतेक वेळा भल्या मनाचाच माणूस असतो. पण अनाथ किंवा सोडून दिलेलं मूल कायद्याची रीत न पाळता दत्तक म्हणून देणं आणि घेणं, दोन्ही कलम ८० खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. पैसे हातात पडले असतील तर ती मुलाची विक्री होते आणि शिक्षा आणखी वाढते. असं मूल दिसलं तर १०९८ ला फोन करा. फुकट लागतो, रात्रीही लागतो. एकटं, बेवारस मूल सापडल्यावर २४ तासांच्या आत चाइल्डलाइन, पोलीस, बाल कल्याण समिती किंवा बाल संरक्षण घटकाला कळवणं हे तुमच्यावर बंधनकारकच आहे.

कुणाला होता येतं

केंद्रानं २०२४ मध्ये फॉस्टर केअरच्या मार्गदर्शक सूचना नव्यानं काढल्या. त्यांत मोठा बदल असा की एकट्या माणसालाही अर्ज करता येतो, मग तो अविवाहित असो, विधवा असो की घटस्फोटित. एकट्या बाईकडे मुलगा किंवा मुलगी कुणीही ठेवता येतं. एकट्या पुरुषाकडे फक्त मुलगा. जोडपं असेल तर लग्न किमान दोन वर्षं नीट टिकलेलं हवं आणि होकार दोघांचा हवा. नवऱ्यानं अर्ज केला आणि बायको “बघू” म्हणाली, तर गाडी तिथंच थांबते, आणि थांबायलाच हवी. एकट्याचं वय किमान ३५ लागतं, जोडप्याच्या दोघांच्या वयांची बेरीज किमान ७०. वरची मर्यादा मुलाच्या वयाप्रमाणे बदलते, पण एकट्या व्यक्तीच्या बाबतीत साठीच्या पुढं जात नाही.

बाकीच्या अटी साध्या आहेत: भारतीय नागरिकत्व, मुलाचा खर्च झेपेल इतकी कमाई, घरात पुरेशी जागा, घरातल्या कुणावर फौजदारी गुन्ह्याची शिक्षा किंवा आरोप नसणं. घरातल्या सगळ्यांची वैद्यकीय तपासणी होते आणि तीत टीबी, हिपॅटायटिस बी आणि एचआयव्हीच्या चाचण्या येतात. म्हातारी आज्जी “मला कशाला?” म्हणणारच. तिला आधीच सांगून ठेवा.

स्वतःचं घर असावं अशी अट नाही. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारं कुटुंबही चालतं. मोठ्या बंगल्यापेक्षा शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बरं असलेलं घर समितीला जास्त आवडतं. शेजारी आणि आप्तांशी संबंध कसे आहेत हे नियमातच बघायला सांगितलंय.

घरातलं बोलणं

ऑफिसची पायरी चढण्याआधी ही पायरी. बाकी सगळ्या पायऱ्यांपेक्षा मी हिला जास्त वेळ द्यायला सांगेन.

पहिली गोष्ट मुलाच्या वयाची. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पाळण्यातलं बाळ असतं. फॉस्टर केअरला येणारी मुलं साधारण सहा वर्षांच्या पुढची असतात. त्याहून लहान मुलांसाठी आधी दत्तकाचा किंवा त्यांच्याच घरी परत जाण्याचा विचार होतो. तेव्हा तुमच्या दारात येणार तो नऊ वर्षांचा, दात पडलेला, खोटं बोलायला शिकलेला पोरगा. किंवा चौदा वर्षांची मुलगी, जी आठवडाभर तुमच्याशी बोलणारच नाही. बालमंदिरात काही वर्षं काढलेली, कुणीच भेटायला येत नाही अशी मुलं. बाप तुरुंगात आणि आई आजारी अशी मुलं. वयामुळं किंवा अपंगत्वामुळं ज्यांना दत्तक घ्यायला कुणी पुढं आलं नाही अशी मुलं. भावंडं असतील तर त्यांना शक्यतो वेगळं करत नाहीत, म्हणजे एकाला हो म्हणताना दोघांचा विचार ठेवायचा.

दुसरी गोष्ट तुमच्या स्वतःच्या मुलांची. दहावीतल्या मुलीला तिची खोली वाटून घ्यायला सांगणार असाल तर तिला विचारा, नुसतं सांगू नका. तिचा नकार असेल तर वर्षभर थांबा.

तिसरी गोष्ट जातीची. “कुठल्या जातीचं पोरगं देतात?” हा प्रश्न मला दबक्या आवाजात अनेकदा विचारलेला आहे. मुलाची भाषा, राहणी, गाव-शिवार यांचा मेळ समिती घालतेच, कारण मुलाला परकं वाटू नये. पण ते मुलाच्या सोयीसाठी. तुम्ही जात निवडावी म्हणून नाही. चुलीपाशी मुलाला वेगळं ताट मिळणार असेल तर अर्ज करू नका. घरात कुणाच्या मनात तसं असेल तर ते आत्ताच बाहेर काढा. मूल आल्यावर ते बाहेर पडलं तर भोगायचं त्यालाच.

आणि चौथी, सगळ्यांत अवघड. ते परत जाऊ शकतं. आई बरी झाली, बाप सुटून आला, समितीला पटलं, की मूल त्याच्या घरी जाईल. त्याला वाढवून पाठवायची तयारी घरातल्या प्रत्येकाची आहे का? आजोबांना त्या मुलाचा लळा लागल्यावर ते काय करतील? हे प्रश्न जेवताना, टीव्ही बंद करून, मोठ्यानं विचारा.

कुठं जायचं

प्रत्येक जिल्ह्याचा बाल संरक्षण घटक आणि बाल कल्याण समिती वेगळी. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिक्कोडी, अथणी, कागवाड, खानापूर अशा सगळ्या तालुक्यांचं काम बेळगावातून चालतं. हल्याळ-जोयडाची माणसं कारवारकडे बघतात, भालकी-औरादची बिदरकडे. दारावरची पाटी कन्नडमध्ये असते, ‘मक्कळ रक्षणा घटक’ असं वाचलं की बरोबर ठिकाणी आलात. पत्ता सापडत नसेल तर गावच्या अंगणवाडी सेविकेला किंवा तालुक्याच्या सीडीपीओ, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या, ऑफिसात विचारा. दोन्ही महिला व बालविकास खात्याचेच धागे. केंद्राच्या फॉस्टर केअर पोर्टलवर ऑनलाइन नोंदणीही होते. तरी मी एकदा प्रत्यक्ष जाऊन यायला सांगेन. समोरासमोर बोलल्यावर निम्म्या शंका फिटतात आणि ऑफिसातल्या माणसालाही तुमचा चेहरा कळतो. अथणीहून बेळगाव म्हणजे दिवस जातो, म्हणून आधी फोन करून अधिकारी जागेवर आहेत का ते विचारूनच एसटी धरा.

कागदांत आधार, रहिवासाचा पुरावा, वयाचा पुरावा, लग्नाचा दाखला, नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून) उत्पन्नाचा दाखला, पोलीस पडताळणी, सरकारी दवाखान्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि कुटुंबाचा फोटो एवढं तर लागतंच. घटस्फोटित असाल तर त्याची कागदपत्रं, विधवा असाल तर मृत्यूचा दाखला. नाडकचेरीचं काम ‘ग्राम वन’ किंवा ‘बेळगाव वन’ केंद्रातूनही होतं. आधारवरचं नाव आणि लग्नाच्या दाखल्यावरचं नाव जुळत नसणं ही आपल्या बायकांची नेहमीची अडचण: माहेरचं नाव एकीकडं, सासरचं दुसरीकडं, आणि कन्नडमधून इंग्रजीत आणताना आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. ते आधी दुरुस्त करा. बाकीचं सगळं चार-सहा दिवसांत जमतं, हे एवढंच महिने खातं.

भाषेची काळजी करू नका, पण गाफीलही राहू नका. बोलणं मराठीत होऊ शकतं, बेळगावातल्या कचेऱ्यांत मराठी कळणारं कुणीतरी भेटतंच. कागद मात्र कन्नड किंवा इंग्रजीत असतील. कन्नड शिकलेली भाची, शेजारचा मास्तर, कुणालातरी बरोबर न्या आणि सही करण्याआधी ओळ न् ओळ वाचून घ्या. विशेषतः हमीपत्र. त्यात तुम्ही लिहून देता की मुलाला मारझोड करणार नाही, कामाला लावणार नाही, शाळेत पाठवाल, दवाखाना बघाल, तपासणीला घर उघडं ठेवाल आणि समितीनं सांगितलं की मूल परत द्याल. नुसतं “इथं सही करा” म्हटल्यावर सही ठोकायचा हा कागद नाही.

घरभेट

घटकाचे सामाजिक कार्यकर्ते घरी येतात. याला गृह अभ्यास अहवाल म्हणतात. लोक या दिवशी भिंतीला रंग काढतात, नवी चादर घालतात. घालू द्या, पण बघायला येणारी माणसं चादर बघत नाहीत. मूल झोपणार कुठं, संडास-बाथरूमची सोय काय, शाळा किती लांब, दिवसा घरी कोण असतं, दारूचं प्रमाण काय, भांडण झाल्यावर या घरात काय होतं, हे त्यांना हवं असतं. ते घरातल्या प्रत्येकाशी वेगळं बोलतील. शेजारी चौकशी करतील, म्हणजे गल्लीत बातमी पसरणारच. त्याआधी तुम्हीच शेजारच्या काकूंना सांगून टाका.

खरं बोला. कर्ज आहे तर आहे म्हणा. मूलबाळ नाही हे दुःख अजून ताजं असेल तर तेही सांगा. अहवालात ते अवगुण म्हणून जात नाही. कुठल्या प्रकारचं मूल तुमच्याकडे नीट राहील हे ठरवायला त्याचा उपयोग होतो. आणि नकार आला तर कारण विचारा. जागा अपुरी, तब्येत, कागद, काही असो, बऱ्याच गोष्टी सुधारून पुन्हा अर्ज करता येतो.

जुळणी आणि आदेश

मंजुरीसाठी जिल्हा पातळीवर प्रायोजकत्व व फॉस्टर केअर मंजुरी समिती असते. मूल कुणाकडे जाणार हा अंतिम आदेश बाल कल्याण समितीचा. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, तेव्हा तिथं बोलावलं तर वेळेवर जा. आदेशाआधी मुलाची आणि तुमची गाठ घालून दिली जाते. मुलाचं मत विचारतात. ते “नको” म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला नकार देण्याएवढं त्याचं ऐकलं गेलं, ही त्याच्यासाठी फार मोठी गोष्ट असते.

एका वर्षाच्या आतली ती अल्पकालीन ठेव, त्यापुढची दीर्घकालीन. मुलाचं आणि घराचं कसं जमतंय हे बघून समिती मुदत वाढवत जाते, अगदी १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत. आदेशाची प्रत हातात आल्याशिवाय मूल घरी आणू नका, “दोन दिवस राहून बघू दे” असं कुणी म्हटलं तरी. आदेशाच्या झेरॉक्स काढून ठेवा. शाळेत, दवाखान्यात, बँकेत हाच कागद तुमचं नातं सांगतो.

पहिले काही आठवडे

इथं कायदा संपतो आणि संसार सुरू होतो.

एका घरी पाहिलेलं सांगतो. गाव आणि मुलाचं नाव सांगत नाही, सांगायचंही नसतं. पोरगं जेवायला बसलं की ताटातली अर्धी भाकरी चड्डीच्या खिशात जायची. रात्री अंथरूण झटकताना तिचे तुकडे पडायचे, मुंग्या लागायच्या. घरच्या काकूंनी ओरडण्याऐवजी एक स्टीलचा डबा त्याच्या उशाशी ठेवला, त्यात रोज संध्याकाळी एक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. “ही तुझी. खा नाहीतर ठेव.” सुरुवातीला डबा रात्रीतच रिकामा व्हायचा. मग अर्धा राहायला लागला. पुढं पुढं सकाळी डबा भरलेला सापडायचा आणि ती भाकरी गाईला जायची. कुणी काही शिकवलं नाही, की समजावलं नाही.

अंथरूण ओलं होणं, पाणी प्यायलाही परवानगी मागणं, घरातल्या बारक्या वस्तू लपवणं, कुणी आवाज चढवला की कोपऱ्यात जाणं, हे सगळं येऊ शकतं. उलट काही मुलं पहिला महिनाभर इतकी शहाणी वागतात की घरचे हरखतात, आणि मग एके दिवशी ताट भिरकावतात. ताट भिरकावलं म्हणजे त्याला तुमच्या घरात थोडं सुरक्षित वाटू लागलंय, असा अर्थ बहुतेकदा असतो. मात्र मूल स्वतःला इजा करत असेल, खात-झोपत नसेल, तर वाट बघत बसू नका. घटकाला कळवा, समुपदेशक देण्याची व्यवस्था त्यांच्याकडे असते. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे.

तुम्हाला काय हाक मारायची? “आई” म्हणायला लावू नका. त्याला आई आहे, किंवा होती. काकी, मावशी, आक्का, काका, अण्णा यांत आपल्या भागात काही कमी पडत नाही. त्याला जे जिभेवर येईल ते येऊ दे.

मूल कन्नड बोलणारं असेल तर? रामदुर्ग किंवा सौंदत्तीकडचं पोरगं मराठी घरात आलं की पहिले दिवस मुकं होऊन बसतं. आपण सीमाभागातली माणसं बाजारात, बसमध्ये, शेतात कन्नड बोलतोच. तेवढं घरात बोलायला काय हरकत आहे? “ऊटा आयता?” (जेवण झालं का?) एवढं विचारलं तरी मान वर होते. त्याची भाषा पुसून त्याला मराठी करायला जाऊ नका. उद्या ते आपल्या आज्जीकडे परत गेलं आणि तिच्याशी बोलता आलं नाही, तर तुम्ही केलेलं सगळं पाण्यात. हेच उलटं मराठी मुलाला कन्नड घरात ठेवलं तरी लागू.

शाळा

माध्यम बदलू नका. कन्नड माध्यमातलं मूल तुमच्या सोयीसाठी मराठी शाळेत घातलं, की त्याचं ते वर्ष गेलंच म्हणून समजा. शाळा बदलायचीच असेल तर जुन्या शाळेकडून टीसी आणि कर्नाटकच्या एसएटीएस या विद्यार्थी-नोंदणी प्रणालीतला मुलाचा क्रमांक घ्या, म्हणजे नोंद पुढच्या शाळेत सरकते. टीसी यायला उशीर झाला म्हणून शिक्षण हक्क कायद्याखाली सहा ते चौदा वयाच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, जन्माचा दाखला नाही म्हणूनही नाही. हेडमास्तर अडून बसले तर आदेशाची प्रत दाखवा, नाहीतर बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्याचं, ऑफिस गाठा.

शाळेत किती सांगायचं? हेडमास्तर आणि वर्गशिक्षकांना, आणि तेही गरजेपुरतं. वर्गात “हे बालमंदिरातलं” असं एकदा झालं की ते नाव चिकटतं.

आईवडील, प्रवास, फोटो

समितीला मुलाच्या हिताचं वाटत असेल तर त्याचे आईवडील ठरावीक वेळी भेटायला येऊ शकतात. या भेटी फॉस्टर पालकांना सगळ्यांत जड जातात. बाप दारू पिऊन आला तर भेट थांबवा आणि घटकाला कळवा. पण नुसता फाटका, गप्प, हातात बिस्किटाचा पुडा घेऊन आलेला बाप असेल तर त्याला चहा द्या. मुलापुढं त्याच्याविषयी वाईट बोलू नका. तो गेल्यावर दोन दिवस मूल चिडचिडं होतं, म्हणून भेटीच बंद करा अशी मागणी करणारे असतात. चिडचिड भेटीमुळं नसते, ताटातुटीमुळं असते.

प्रवासाचं सीमाभागात वेगळंच आहे. निपाणीकराला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, अथणीकराला दवाखाना म्हणजे मिरज. आपल्याला त्यात राज्य ओलांडल्याचं वाटतही नाही. पण मूल समितीच्या जबाबदारीतलं आहे. पाहुण्याच्या लग्नाला, जत्रेला, गोव्याला जायचं असेल तर घटकाला लेखी किंवा किमान मेसेज करून आधी कळवा, मुक्काम असेल तर परवानगीच घ्या. अचानक मिरजेला न्यावंच लागलं तर आधी मुलाला न्या आणि वाटेतून फोन करा. घर बदलणार असाल तर तेही आधी.

फोटो अजिबात टाकू नका. दिवाळीत पोरानं अंगणात किल्ला केला, मावळे मांडले, तुम्हाला कौतुक वाटणारच. स्टेटसला फक्त किल्ला लावा. अशा मुलाची ओळख उघड करणं कलम ७४ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. गणेशोत्सव मंडळाच्या फ्लेक्सवर “अनाथ बालकाचा सांभाळ करणारे दांपत्य” असा सत्कार कुणी लावू लागला तर हात जोडून नको म्हणा.

पैसे

मिशन वात्सल्यखाली फॉस्टर केअरमधल्या मुलासाठी महिन्याला ४,००० रुपयांची तरतूद आहे. रक्कम बँक खात्यात जमा होते. दर महिन्याच्या एक तारखेला ती येईल असं धरून चालू नका. सरकारी पैसा आहे, कधी दोन-तीन महिन्यांचा एकदम येतो. तोवर वह्या-चप्पल-औषध तुमच्या खिशातूनच. हे पैसे घरखर्चाला लागतील म्हणून फॉस्टर पालक व्हायचा विचार असेल तर तो सोडा, हिशेब जमणार नाही. एक वही ठेवा आणि मुलावरचा मोठा खर्च लिहीत जा. पाहणीला आलेल्यांना दाखवायला ती कामी येते.

पुढं काय

मूल तुमच्या घरचं नाव लावत नाही, मालमत्तेत त्याचा वाटा येत नाही, आणि कागदोपत्री त्याचे आईवडील तेच राहतात. मात्र मूल दोन वर्षं तुमच्याकडे सलग नीट राहिलं आणि ते कायद्यानं दत्तकासाठी मोकळं असेल, तर त्याच कुटुंबाला दत्तक घेण्याची वाट उघडते. पूर्वी यासाठी पाच वर्षं लागायची. मुलाचे आईवडील हयात आहेत आणि त्यांनी हक्क सोडलेला नाही, तर ही वाट नाही. समितीच्या माणसाला पहिल्याच दिवशी हे विचारून घेतलं की मनात खोटी आशा राहत नाही.

मूल १८ चं झालं की फॉस्टर केअर संपते. त्यानंतर शिक्षण किंवा नोकरीपर्यंत हात द्यायला कायद्यात ‘आफ्टर केअर’ आहे, साधारण २१ वर्षांपर्यंत. त्याचा अर्ज वाढदिवसाची वाट न बघता सतराव्या वर्षीच घटकाकडे बोलून ठेवा.

आणि त्याआधी ते आपल्या घरी परत जाणार असेल तर जाण्याची तारीख त्याला आधी सांगा, एकदम गाडीत बसवू नका. बरोबर द्यायचं ते असं: लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याचे कागद, शाळेची प्रगतिपुस्तकं, टीसी, बँकेचं पासबुक, कुठलं औषध सोसत नाही आणि कशाची भीती वाटते याची एक चिठ्ठी, तीही त्याच्या घरच्यांना वाचता येईल अशा भाषेत. कपडे नवे घेऊन दिलेत तरी जुने, अंगाला सवयीचे दोन जोड पिशवीत ठेवा. पुन्हा भेटायला जायचंय असं वाटत असेल तर समितीकडून आणि घरच्यांकडून आधी होकार घ्या. न विचारता दारात जाऊन उभे राहू नका. दुसरं मूल घ्यायची इच्छा असेल तर ती घटकाला सांगा, पण घरातल्यांना थोडे महिने जाऊ द्या.